अचूक छिद्र आणि लोंबते पाऊल

पायातली चप्पल निसटून मागे पडली आणि माणूस चार पावले पुढे गेला तरी त्याला ते उमगले नाही, तर कुष्ठरोगाची शंका घ्यावी, असे खेडोपाडी फिरणाऱ्या आरोग्यसेवकाला शिकवलेले असते. तळव्याची संवेदना गेल्याची ती खूण. तिच्या पुढची अवस्था अधिक बिकट असते. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, पोटरीतील बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून एक मज्जातंतू खाली उतरतो. तेथे तो अगदी कातडीलगत असतो आणि कुष्ठरोगाचा घाला त्याच्यावर नेमका तेथेच पडतो. तो निकामी झाला की पाऊल वर उचलणारे स्नायू लुळे पडतात आणि चवडा खाली लोंबू लागतो. डॉक्टर ज्याला ‘फुटड्रॉप’ म्हणतात ती ही अवस्था. माणूस गुडघा अवाजवी उंच उचलून, पाऊल जमिनीवर आपटत चालू लागतो. बधिर पावलाची बाहेरची कड घासून तिला जखम होते. ती दुखत नाही म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही. ती हाडापर्यंत पोचते आणि काही वर्षांत आधी बोटे व मग पाऊलच गमावण्याची पाळी येते. गडचिरोली-चंद्रपूरच्या पट्ट्यात, जेथे हा रोग आजही राज्याच्या बऱ्याच भागांहून अधिक आढळतो, घरची चूल धानाच्या बांधीत दिवसभर उभे राहण्यावर पेटते. तेथे लोंबते पाऊल म्हणजे बुडालेली मजुरी, हे वेगळे सांगण्याचे कारण नाही.

या पावलावर उपाय आहे आणि तो नवा नाही. रोगाने उचलणारे स्नायू घालवले तरी पोटरीच्या खोल भागातील, पाऊल आत वळवणारा एक बळकट स्नायू बहुधा शाबूत राहतो. त्याचे कारणही विलक्षण आहे. त्या स्नायूला चालना देणारा मज्जातंतू कुष्ठरोगाच्या तडाख्यात सापडतो तो खाली, घोट्यामागे. तोवर वर पोटरीतच स्नायूला जाणारी शाखा फुटून गेलेली असते. म्हणून तळवा बधिर झाला तरी स्नायू जिवंत असतो. शल्यविशारद या स्नायूची कंडरा पावलाच्या आतल्या कडेवरून सोडवतो, पोटरीत वर ओढून घेतो, नडगीला वळसा घालून अथवा दोन हाडांमधील पडद्याला खिडकी पाडून पुढच्या बाजूस आणतो आणि पावलाच्या पाठीवर जोडतो. आत वळवणारी दोरी उचलणारी दोरी होते.

या विद्येचा मोठा भाग भारतात घडला, याची आठवण आज कमी ठेवली जाते. तामिळनाडूतील कोल्ली डोंगरात १९१४ साली जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्याची बोटे रोगाने ‘झडत’ नाहीत, तर वेदना हरपल्यामुळे वापरता वापरता झिजतात, हे त्यांनी दाखवून दिले आणि कंडरा स्थलांतराच्या शस्त्रक्रिया कुष्ठरोग्यांसाठी उपयोगात आणल्या. चेंगलपट्टू येथील डॉ. एच. श्रीनिवासन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये लोंबत्या पावलासाठी कंडरेला दोन शेपट्या करून जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अँटिया यांनी कुष्ठरोग्यांच्या पुनर्रचना शल्यक्रियेला सुघटन शल्यशास्त्राच्या मुख्य दालनात स्थान मिळवून दिले आणि नंतरचे आयुष्य वैद्यक खेड्यातल्या माणसाच्या हाती कसे पोचेल या प्रश्नाला वाहिले. ही नावे येथे गौरवासाठी घेतलेली नाहीत. पुढे ज्या साधनाचा विचार करावयाचा आहे त्याला लावण्याची कसोटी यांच्याच कामातून मिळते.

ते साधन म्हणजे प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्रपणे घडवलेला मार्गदर्शक साचा. रुग्णाच्या पावलाचा सीटी स्कॅन काढावयाचा, संगणकावर त्याच्या हाडांची हुबेहूब प्रतिकृती उभी करावयाची, छिद्र कोठे, किती खोल, कोणत्या कोनातून पाडावयाचे ते तेथेच ठरवावयाचे आणि त्या बेताप्रमाणे नायलॉनचा वा राळेचा एक छोटा तुकडा छापून घ्यावयाचा. शस्त्रक्रियेच्या वेळी तो निर्जंतुक तुकडा हाडावर बसवला की त्याच्या नळीतून गिरमिट जाते आणि छिद्र ठरल्या जागी पडते. गुडघ्याच्या सांधेबदलात आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेत हे साचे आता नवलाचे राहिलेले नाहीत. पावलातील कंडरा स्थलांतरासाठीही ते वापरावेत, हा विचार पुढे आला आहे. कंडरा ज्या हाडात रोवायची ते पावलाच्या मध्यावरचे हाड लहान असते, आजूबाजूला सांधे दाटीने असतात, आणि छिद्र तिरके गेले तर हाड फुटते किंवा सांध्यात शिरकाव होतो. ही अडचण खरी आहे आणि तिच्यावर शोधलेला तोडगा चतुराईचा आहे, याविषयी दुमत नसावे.

मात्र तोडगा चतुराईचा आहे म्हणून तो ज्याच्या त्याच्या पायाला लागू पडतो असे नाही. श्रीनिवासन यांच्या पद्धतीत कंडरेची दोन टोके हाडात रोवली जात नाहीत; ती अंगठ्याच्या आणि बोटांच्या कंडरांना शिवली जातात. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पावलातील हाडे आधीच ढासळण्याच्या भीतीत असतात. त्यांत भोक पाडून नवे संकट ओढवून घेऊ नये, हा त्यामागील शहाणपणाचा विचार. सारांश, ज्या रुग्णांना कंडरा स्थलांतराची या देशात सर्वांत अधिक गरज आहे त्यांच्या बाबतीत छिद्र अचूक पडावे की कसे, हा प्रश्नच उद्भवत नाही. जेथे छिद्रच नाही तेथे छिद्राचा साचा काय करणार?

हाडात कंडरा रोवणे जेथे योग्य असते, उदाहरणार्थ अपघातात मज्जातंतू तुटून पाऊल लोंबते तेथे, साच्याला जागा आहे. पण तेथेही शस्त्रक्रियेचे यश छिद्रावर फार थोडे अवलंबून असते. मुख्य प्रश्न ताणाचा. पाऊल वर धरून कंडरा किती ओढून बांधावी, हे कोणताही स्कॅन सांगत नाही. सैल बांधली तर पाऊल पुन्हा लोंबते. फार ताणली तर चवडा वरच अडकून राहतो. टाचेची कंडरा आखडलेली असेल तर ती आधी लांबवावी लागते, नाहीतर नव्या स्नायूचा सारा जोर तिच्याशी झगडण्यात जातो. साच्याला हाड दिसते. स्नायूचा जोर, कातडीचा कस आणि आखडलेली टाच त्याला दिसत नाहीत. शिवाय तो हाडावर घट्ट बसावा म्हणून वरचा मऊ भाग अधिक बाजूला सारावा लागतो. साच्यामुळे जिल्हा रुग्णालयातील नवखा शल्यविशारदही ही शस्त्रक्रिया करू शकेल, असे जे म्हटले जाते, त्यातील उणीव येथेच आहे. नवख्याचा हात अडतो तो ताणाचा अंदाज घेताना, गिरमिट चालवताना नव्हे.

याचा अर्थ हे तंत्र मोडीत काढावे असा नाही. उपचार वर्षानुवर्षे लांबला की पाऊल लोंबते राहत नाही, ते वाकडेच घट्ट होते. मग नुसती कंडरा हलवून भागत नाही. हाडांचे पाचरीसारखे तुकडे कापून पाऊल सरळ करावे लागते आणि सांधे जुळवून टाकावे लागतात. पोलिओने लहानपणी वाकडी झालेली आणि तशीच राहून गेलेली पावले या देशात अजून चालत आहेत. देशातील शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मधला असला तरी त्यापूर्वीची पिढी हयात आहे. अशा पावलात कोणत्या कोनातून किती हाड कापावे, हे आधी प्रतिकृतीवर ठरवणे आणि साच्याने कापणे याचा लाभ उघड आहे. ज्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत स्कॅन आहे तेथे छपाईचे यंत्र येत असेल तर ते या पावलांसाठी राबवावे. त्यावर छापलेल्या प्रतिकृती विद्यार्थ्यांच्या हातात द्याव्यात, हा त्याचा दुसरा आणि कदाचित अधिक टिकाऊ उपयोग. जन्मतः वाकड्या पावलांच्या मुलांची गोष्ट निराळी आहे. त्यांची कोवळी हाडे अजून कूर्चेचीच असल्याने स्कॅनमध्ये पुरती उमटत नाहीत, आणि त्यांच्यावर विनाकारण क्षकिरणांचा मारा करणेही इष्ट नाही.

यंत्राची चर्चा सुखावह असते, कारण ते विकत घेता येते आणि त्याचे उद्घाटन करता येते. लोंबत्या पावलाचा खरा तुटवडा मात्र यंत्राच्या दोन्ही टोकांना, आधी आणि नंतर, आहे.

आधीचा तुटवडा ओळखण्याचा. पाऊल लुळे पडून सहा महिने उलटले नसतील तर प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांनी मज्जातंतू सावरण्याची आशा असते आणि शस्त्रक्रियेची वेळच टळू शकते. त्यासाठी कोणी तरी रुग्णाला खाटेवर बसवून ‘पाऊल वर उचल’ असे सांगावे लागते आणि बोटाने दाब देऊन जोर पाहावा लागतो. या तपासणीला एक मिनिट लागते आणि साधन कोणतेच लागत नाही. कुष्ठरोगाचा स्वतंत्र सेवकवर्ग होता तेव्हा ती नित्याची होती. हे काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाले, ते तत्त्वतः योग्यच झाले. पण लस, ताप, बाळंतपण आणि असंख्य नोंदवह्या सांभाळणाऱ्या माणसाकडून ते एक मिनिट हमखास मिळेल, ही अपेक्षा मात्र कागदावर उरली. त्यात डिसेंबर २००५ मध्ये दर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट देशाने गाठल्याचे जाहीर झाले. इंग्रजीत या मर्यादित उद्दिष्टाला एक शब्द आहे आणि रोगाचा समूळ नायनाट करण्याला दुसरा. मराठीत दोहोंनाही ‘निर्मूलन’ म्हटले गेले आणि रोग संपला अशी समजूत रूढ झाली. वस्तुतः जगात दरवर्षी नोंदल्या जाणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातच असतात. कोविडच्या साथीचा काळ वगळला तर हा आकडा लाखाच्या आसपास राहिला आहे. १९८० च्या दशकात आलेल्या बहुविध औषधोपचाराने जंतू मरतात. मेलेला मज्जातंतू त्याने परत येत नाही.

नंतरचा तुटवडा शिकवण्याचा. जागा बदललेल्या स्नायूला आपले नवे काम ठाऊक नसते. पाऊल जमिनीवर टेकलेले असताना राबण्याची त्याला जन्माची सवय. आता पाऊल हवेत असताना त्याने आकुंचन पावावयाचे असते. प्लास्टर सुटले की भौतिकोपचारतज्ज्ञ रुग्णाला सांगतो, ‘पाऊल आत वळव’. रुग्ण वळवू पाहतो आणि पाऊल वर उचलले जाते. हा क्षण ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो विसरता येत नाही. पण त्या क्षणापासून सवयीच्या चालीपर्यंत आणखी काही आठवडे रोजचा सराव लागतो. मिरज, कोठारा, वेल्लोर येथील जुन्या कुष्ठरोग रुग्णालयांनी हे ओळखले होते, म्हणूनच तेथे पादत्राणे शिवणारा कारागीर आणि व्यायाम घेणारा तंत्रज्ञ हे शल्यविशारदाच्या बरोबरीने उपचाराचे भागीदार ठरले. शस्त्रक्रिया किती झाल्या हे आज वर्षाखेरीस मोजले जाते. वर्षभराने त्यांतील किती पावले उचलली जातात, हेही तितक्याच काटेकोरपणे मोजले गेले तर पैसा कोठे घालावा याविषयी फारसा वाद राहणार नाही.

मजुरीचा प्रश्न शिल्लक राहतो आणि तो सर्वांत कठीण आहे. पुनर्रचना शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला सरकार भत्ता देते. पूर्वी ८,००० रुपये असलेली ही रक्कम पुढे १२,००० करण्यात आली. ही वाढ स्वागतार्ह आहे. परंतु प्लास्टरचे महिना-दीड महिना, सरावाचे तितकेच आणि पूर्ववत ओझे उचलण्यापूर्वीचे आणखी काही आठवडे एवढा काळ हातावर पोट असलेल्या घराने कसा काढावा, हे त्या रकमेत बसत नाही. यावर एक बिनखर्चाचा उपाय आहे, तो म्हणजे पंचांग पाहण्याचा. कापणी-मळणी आटोपल्यावर, पौष-माघात शस्त्रक्रिया झाली तर मृगाच्या आत तो पाय चालता होतो. रोवणीच्या ऐन दिवसांत तारीख दिलेला मजूर येत नाही, आणि रुग्णालयाच्या वहीत त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ असा शेरा पडतो.