तक्रारीचा शेवट कोणी ठरवावा?

नगराचा कारभार हा राज्यव्यवहारातील सर्वांत साधा, आणि म्हणूनच सर्वांत कठोर कसोटीचा भाग होय. कारण परराष्ट्रनीती फसली तर तिचे परिणाम सामान्य मनुष्याच्या उंबरठ्यापर्यंत येण्यास वर्षे लागतात, परंतु गटार तुंबले, नळाला गढूळ पाणी आले किंवा उन्हाळ्यात केलेला रस्ता पहिल्याच पावसात उखडला, म्हणजे कारभाऱ्यांची योग्यता त्याच दिवशी, त्याच गल्लीत, सर्वांच्या डोळ्यांदेखत ठरून जाते. महात्मा जोतीराव फुले 1876 पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, आणि व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर नगरपालिकेचा पैसा उधळण्यापेक्षा तो गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असा आग्रह त्यांनी धरला होता. करदात्याच्या पैशाचा विनियोग कोणाच्या सांगण्यावरून व्हावा आणि त्याचा जाब कोणी घ्यावा, हा जो प्रश्न त्या आग्रहाच्या मुळाशी होता, तो आजही सुटलेला नाही. फरक इतकाच, की आज तो सोडवण्याची साधने प्रत्येकाच्या खिशात येऊन पडली आहेत.

साधनांची वाण आहे, असे आता कोणालाही म्हणता येणार नाही. मुंबईत तक्रारींसाठी 1916 हा दूरध्वनी क्रमांक आहे, पुण्यात महापालिकेचे ‘पीएमसी केअर’ हे ॲप आहे, राज्य शासनाचे ‘आपले सरकार’ हे संकेतस्थळ आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने 2015 सालापासून अधिसूचित सेवांना मुदती घालून दिल्या, खात्यातल्या खात्यात दोन अपिलांची व त्यांवर आयोगाकडे दाद मागण्याची सोय केली, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास 500 ते 5000 रुपयांपर्यंत दंड ठेवला. त्यामुळे जन्ममृत्यूच्या दाखल्यांसारख्या बाबतींत नागरिकाचे हात निश्चितच बळकट झाले. परंतु दाखला देणे आणि रस्ता दुरुस्त करणे या दोहोंत एक मूलभूत भेद आहे. दाखला हाती पडला की नाही, हे अर्जदारावाचून दुसऱ्या कोणालाही ठरवता येत नाही. खड्डा बुजला की नाही, हे मात्र कचेरीत बसून, दफ्तरात एक शेरा मारून ठरवता येते. तक्रार कनिष्ठ अभियंत्याकडे जाते, तो ती ठेकेदाराच्या माणसाकडे सोपवतो, आणि काम पुरे झाल्याची नोंद त्याच खात्यातून होते. पुढे वरिष्ठांसमोर जाणाऱ्या तक्त्यात शेकडा किती तक्रारी निकाली निघाल्या एवढाच आकडा उरत असल्यामुळे, तक्रार दूर करण्यापेक्षा ती बंद करण्याकडे यंत्रणेचा कल झुकावा, यात नवल ते काय? परीक्षार्थ्याने स्वतःच आपली उत्तरपत्रिका तपासावी आणि स्वतःच गुणपत्रिकेवर सही करावी, त्यातलाच हा प्रकार होय.

या दोषावरचा उपाय अनेक ठिकाणी सरकारी कचेरीबाहेरच्या मंडळींनी शोधला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये ‘मायसोसायटी’ या लोकहितैषी संस्थेने 2007 साली ‘फिक्समायस्ट्रीट’ नावाची व्यवस्था उभारली. नागरिकाने नकाशावर जागा दाखवून तक्रार लिहावी, ती संबंधित स्थानिक परिषदेकडे आपोआप जावी, आणि त्याच वेळी ती सर्वांना वाचता यावी, अशी तिची साधी रचना आहे. तिच्यातली खरी मर्मज्ञता मात्र पुढेच आहे: चार आठवड्यांनी ती व्यवस्था मूळ तक्रारदारालाच पत्र धाडते आणि विचारते, ‘काम झाले का?’ उत्तर परिषदेच्या दफ्तरातून येत नाही, रस्त्यावरून येते. पुढे या व्यवस्थेची आज्ञावली विनामूल्य खुली असल्यामुळे इतर देशांतील नगरांनीही ती स्वीकारली. आपल्या महापालिकांनी या धर्तीवर तीन नियम जरी अंगीकारले, तरी पुष्कळ साधेल: प्रत्येक तक्रार, तक्रारदाराचे नाव झाकून, सर्वांना दिसावी, ती बंद करण्याचा अधिकार तक्रारदाराकडे असावा, आणि ठरावीक मुदतीत त्याने उत्तर न दिल्यास त्याच परिसरातील अन्य रहिवाशांना तो मिळावा, आणि बंद केलेली तक्रार पुन्हा उघडली गेली, तर तिची गणना निकाली निघालेल्या तक्रारींत कदापि होऊ नये. नाव झाकण्याची अट येथे गौण नव्हे. बेकायदा बांधकामाविरुद्ध किंवा वजनदार ठेकेदाराविरुद्ध फिर्याद करणाऱ्याला आपल्याच मोहल्ल्यात राहायचे असते, याचा विसर नियम करणाऱ्यांना पडता कामा नये.

दुसरी सूचना रस्त्यांच्या हिशेबाची आहे. रस्त्याचा ठेका देताना करारात दोषदायित्वाचा कालावधी लिहिलेला असतो, आणि त्या मुदतीत रस्ता बिघडल्यास ठेकेदाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावयाचा असतो. पण कोणता रस्ता कोणी, केव्हा, किती रकमेत केला आणि त्याची मुदत कधी संपते, ही माहिती निविदेच्या फायलीत बांधून पडलेली असल्यामुळे, जे काम ठेकेदाराने फुकट करावयाचे, तेच काम नव्या देयकावर पुन्हा होण्याची वाट मोकळी राहते. प्रत्येक रस्त्यास क्रमांक देऊन हा तपशील नकाशावर मांडला, आणि खड्ड्याची तक्रार येताच ती संगणकाने थेट त्या ठेक्याशी जोडली, तर करदात्याचा पैसा दोनदा जाण्यास निदान साक्षीदार तरी निर्माण होतील. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 याच्या कलम 4 प्रमाणे अशी माहिती सार्वजनिक प्राधिकरणांनी कोणी मागण्याची वाट न पाहता स्वतः होऊन प्रसिद्ध करावयाची आहे. म्हणजे येथे नव्या कायद्याची नव्हे, असलेला कायदा पाळण्याच्या इच्छेची गरज आहे.

पुणे महानगरपालिकेने 2006 सालापासून नागरिकांच्या सूचनांना अंदाजपत्रकात स्थान देण्याचा जो उपक्रम चालविला आहे, तो देशातील या प्रकारच्या आद्य प्रयत्नांपैकी एक असून पुणेकरांना त्याचा सार्थ अभिमान वाटावा. पदपथ, दिवे, बाक, स्वच्छतागृहे अशी लहानसहान कामे नागरिक क्षेत्रीय कार्यालयाकडे सुचवतात आणि त्यांतून निवडलेली कामे अंदाजपत्रकात येतात. परंतु सूचना केल्यावर तिचे पुढे काय झाले, ती नाकारली तर कोणत्या कारणाने, स्वीकारली तर निविदा केव्हा निघाली, याचा माग घेण्यास सामान्य माणसाजवळ सोपे साधन नसेल, तर उत्साहाने अर्ज भरणारा मनुष्य पुढल्या वर्षी घरी बसतो. प्रत्येक सूचनेस एक क्रमांक, प्रत्येक नकारास एक लेखी कारण, आणि प्रत्येक मंजुरीस एक तारीख, एवढी तजवीज कोणत्याही साध्या संगणकावर होऊ शकते. शिवाय अंदाजपत्रक संकेतस्थळावर ठेवले म्हणजे कर्तव्य संपले, ही समजूतही सोडावयास हवी. जी पाने नुसती छायाचित्रे असतात किंवा युनिकोडपूर्व टंकांत जुळवलेली असतात, त्यांत आपल्या पेठेचे नाव शोधू जाणाऱ्यास काहीच सापडत नाही. असे प्रकाशन आणि कुलूपबंद कपाट यांत फारसा भेद नाही.

यावर अधिकारीवर्गाची कैफियतही ऐकून घेतली पाहिजे. माणसे अपुरी, तक्रारी उदंड, त्यांतल्या काही खोडसाळ, आणि सगळे उघड्यावर मांडले तर रोज अब्रूचे धिंडवडे, असे त्यांचे म्हणणे असते, आणि ते सर्वस्वी निराधार नाही. परंतु उघडेपणानेच या अडचणींचे पुष्कळ निवारण होते. एकाच खड्ड्याच्या चाळीस तक्रारी नकाशावर एका ठिकाणी गोळा होऊन त्यांची एक तक्रार होते. खोडसाळ तक्रार शेजारीच खोडून काढतात. आणि एका अभियंत्यावर किती प्रभागांचा बोजा आहे हे जेव्हा सर्वांस दिसते, तेव्हा अधिक माणसे मागण्याचा त्याचा हक्क आपोआप सिद्ध होतो. झाकलेल्या दफ्तरात प्रामाणिक आणि कामचुकार अशी दोन्ही माणसे सारखीच दिसतात, आणि त्याचे नुकसान प्रामाणिकालाच अधिक सोसावे लागते.

तथापि या सर्व योजनेत एक मोठा धोका आहे. ज्याच्या हाती चांगला मोबाइल, ज्याला अर्ज टंकता येतो आणि ज्याला दुपारचा वेळ मोकळा आहे, त्याचाच आवाज नकाशावर उमटला, तर सोसायट्यांच्या फाटकासमोरचे दिवे लखलखतील आणि वस्तीतले सार्वजनिक शौचालय अंधारातच राहील. म्हणून क्षेत्रीय कार्यालयाच्या खिडकीवर तोंडी सांगितलेली तक्रारही त्याच नोंदीत, त्याच क्रमाने चढली पाहिजे. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक भगिनी रोज दारोदार फिरतात. कोणत्या बोळात पाणी साचते, कोणत्या कोपऱ्यावर कचरा पडतो, हे त्यांच्याइतके कोणत्या अभियंत्यास ठाऊक असणार? शहराच्या नकाशात त्यांचे हे ज्ञान उतरवावयाचे असेल, तर त्यांना त्या कामाचा रास्त मोबदला आणि बैठकीत मानाची जागा दोन्ही मिळावयास हवीत.

बैठकीचा उल्लेख येथे सहेतुक केला आहे. 1993 साली अंमलात आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा अधिक वस्तीच्या नगरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली, आणि महाराष्ट्राने 2009 साली कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रसभेला, म्हणजे नागरी ग्रामसभेला, मान्यता दिली; ती मात्र बहुतांशी कागदावरच राहिली. 2022 साली मुदत संपलेल्या अनेक महापालिकांच्या निवडणुका लांबून कारभार प्रशासकांच्या हाती गेला, तेव्हा नगरसेवकाचे दारही बंद झालेल्या नागरिकास केवळ एका ॲपपुढे उभे राहावे लागले. संकेतस्थळावरची यादी महिन्यातून एकदा क्षेत्रसभेत मोठ्याने वाचली गेली, अभियंता समोर बसला आणि लोकांनी एकेका कामाची रुजुवात घातली, तरच तिच्यात प्राण येईल. एरवी ती लाखो तक्रारींचे आणखी एक गोदाम होईल.

म्हणून प्रत्येक महापालिकेने आपल्या पुढील अंदाजपत्रकासोबत तीन गोष्टी जाहीर कराव्यात, आणि नागरिकांनी त्यांसाठी आपापल्या नगरसेवकाकडे हट्ट धरावा: तक्रार बंद करण्याचा अधिकार तक्रारदाराला, रस्त्यांच्या ठेक्यांचा तपशील सर्वांना, आणि क्षेत्रसभेची तारीख प्रत्येक प्रभागाला. यांतील एकाही गोष्टीसाठी परदेशी तज्ज्ञ लागत नाही की कोट्यवधींचा ठेका लागत नाही. लागते ती, आपल्या कामाचा निवाडा दुसऱ्याच्या हाती सोपवण्याची तयारी, आणि ज्या कारभाऱ्यांची ती नसेल, त्यांच्या नवनव्या ॲपांच्या उद्घाटनाला टाळ्या वाजवण्याचे आपल्याला काहीही कारण नाही.