मशीनचीही तपासणी होते

रेशनच्या दुकानात काट्याचा संशय आला तर आपण म्हणतो, "शिक्क्याचे वजन ठेवून दाखवा." पण सीटी स्कॅनसाठी आडवे झाल्यावर हे मशीन बरोबर दाखवते का, असा प्रश्न आपल्या मनात येत नाही. घरातला माणूस आजारी, पदरचे पैसे मोजलेले. निघेल ते चित्र खरे मानून आपण घरी येतो.

या मशीनलाही शिक्क्याचे वजन असते. त्याला फँटम म्हणतात. फँटम म्हणजे माणसाऐवजी मशीनमध्ये ठेवायची वस्तू. ती आतून कशी आहे हे आधीच ठाऊक असते, म्हणून मशीनची चूक पकडता येते. सीटीच्या मापात पाणी ० आणि हवा उणे १००० दिसली पाहिजे. १९७९ साली नोबेल मिळालेले ब्रिटिश इंजिनिअर गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचे नाव या मापाला आहे. पाणी ० ऐवजी ३० दिसू लागले, तर मशीन दुरुस्तीला आले असे समजावे.

विकतचे फँटम महाग, आणि बरेचसे साध्या गोल नळकांड्यासारखे. लहान लेकराची छाती काही नळकांडे नव्हे! इथे थ्रीडी प्रिंटिंग कामाला आले. रुग्णाच्या स्कॅनवरून नकाशा घ्यायचा आणि प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर चढवायचे. थर भरगच्च घातले तर वस्तू स्कॅनमध्ये मांसासारखी दिसते, जाळीदार ठेवले तर फुप्फुसासारखी. तारेत खनिजाची पूड असली तर हाडासारखी. आत गाठीएवढा गोळा मुद्दाम बसवायचा आणि किती कमी किरणांत तो दिसतो ते पाहायचे. प्रयोग प्लास्टिकवर होतो, लेकरावर नाही. मात्र छपाईत बारीक हवा अडकली तर चित्र फसवते, म्हणून छापलेली वस्तूही आधी पारखून घ्यावी लागते.

आपल्या देशात एक्स-रे व सीटी मशीनवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. ठराविक मुदतीने मशीनची तपासणी करून घेणे दवाखान्यावर बंधनकारक आहे. म्हणून आमचे सांगणे एवढेच : डॉक्टरांनी सांगितलेला स्कॅन भीतीने टाळू नका, पण मशीन तपासले आहे का, लेकरासाठी किरणांचे प्रमाण कमी ठेवले आहे का, हे विचारायला लाजू नका. घामाचे पैसे मोजतो, तर माप चोख मागायचा आपल्याला हक्क आहे.