सूर्य गच्चीवर, किल्ली ऑफिसात

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठीत एवढं सलग लिहायची ही पहिलीच वेळ. आजीने फोनवर ऐकून निम्म्या चुका सुधारल्या आहेत, उरलेल्या संपादक मंडळाने आणि तुम्ही पोटात घालाव्यात!

या वर्षी बी.ई.च्या प्रोजेक्ट प्रेझेंटेशनला आम्हा टी.ई.वाल्यांना बसवलं होतं. अकरा ग्रुप, त्यातले पाच सोलर. सोलर मोबाईल चार्जर, सोलर गवत कापायचं मशीन, सूर्याकडे तोंड फिरवणारं पॅनेल, वगैरे वगैरे. पाचवा ग्रुप संपल्यावर एक्स्टर्नल सरांनी चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, "छान आहे. पण हे नेमकं कुणाला हवंय?" वर्गात पिन ड्रॉप सायलेन्स! उत्तर कुणाकडेच नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याकडेही नव्हतं, कारण पुढच्या वर्षीसाठी मीसुद्धा सोलरच ठरवलं होतं. तो प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. तेव्हापासून जे वाचलं आणि आपल्याच हॉस्टेलच्या गच्चीवर जे पाहिलं, ते तुमच्यासमोर मांडते.

आपला सगळ्यांचा एक ठाम समज आहे. सोलर म्हणजे पॅनेल, पॅनेल म्हणजे वीज, आणि विजेनंतर मग काय ते बघू. पण आपल्याला दर वेळी वीजच हवी असते का? माझ्या सांगलीच्या आजीला विचारा. तिच्या गच्चीवर उन्हाळ्यात कुरडया, पापड, सांडगे असं सगळं वाळवण असतं. काचेच्या बरणीत गुलाबाच्या पाकळ्या आणि खडीसाखर भरून ती उन्हात ठेवते आणि काही आठवड्यांनी गुलकंद तयार! गॅस नाही, वीज नाही. काच ऊन आत घेते आणि उष्णता धरून ठेवते, हे आपण हीट ट्रान्सफरमध्ये शिकलो. आजी ते न शिकताच करते. तिला पदार्थ वाळवायचा असतो, मुरवायचा असतो. वीज बनवायची नसते.

असा विचार करणारी माणसं इतिहासातही सापडतात. १८७८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ऑगस्टिन मूशो नावाच्या फ्रेंच माणसाने चक्क उन्हापासून बर्फ बनवून दाखवला होता. आणि त्याच वर्षी आपल्या मुंबईत (हो, मुंबईत!) विल्यम अ‍ॅडम्स नावाच्या इंग्रज सरकारी नोकराचं पुस्तक प्रसिद्ध झालं. विषय होता, उष्ण प्रदेशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता कशी वापरावी. मूशोचे धातूचे मोठे वक्र आरसे महाग पडतात, हे अ‍ॅडम्सच्या लक्षात आलं. मग त्याने काय केलं? साधे, सपाट, छोटे बहात्तर आरसे एका चौकटीत असे बसवले की सगळ्यांचं ऊन एकाच बॉयलरवर पडावं. कुलाब्यात स्वतःच्या आवारात त्याने त्यावर अडीच हॉर्सपॉवरचं वाफेचं इंजिन चालवलं. पुढे स्वस्त कोळसा आणि तेल यांच्या गर्दीत हे सगळं मागे पडलं. कुलाब्यातून रोज जाणाऱ्या माझ्या मामालाही हे माहीत नव्हतं!

आता उजेडाचं बघा. २००२ मध्ये ब्राझीलमध्ये विजेची मोठी टंचाई होती. तिथल्या उबेराबा गावातल्या आल्फ्रेदो मोझर या मेकॅनिकने पत्र्याला भोक पाडून त्यात दोन लिटरची प्लास्टिकची बाटली बसवली. अर्धी वर, अर्धी खाली. आत पाणी आणि शेवाळ धरू नये म्हणून थोडं ब्लीच. बाटलीतलं पाणी वरचं ऊन वाकवून खोलीभर पसरवतं. उन्हाच्या प्रमाणात चाळीस ते साठ वॉटच्या बल्बएवढा उजेड! २०११ पासून फिलिपिन्समधल्या एका संस्थेने ही बाटली झोपडपट्ट्यांमध्ये पोचवली. रात्री ती उपयोगाची नाही, हे कबूल. पण दिवसासुद्धा अंधारात बसणाऱ्या घराला दिवसाचाच उजेड हवा होता. आपल्या वर्कशॉपमागच्या स्टोअरमध्ये भर दुपारी ट्यूबलाइट लावून नट-बोल्ट शोधतो, तेव्हा मला हा मोझर हमखास आठवतो.

नॉर्वेतल्या र्‍युकान गावाची गोष्ट त्याहून मजेशीर. गाव खोल दरीत, त्यामुळे वर्षातले जवळजवळ सहा महिने तिथे ऊन पोचतच नाही. २०१३ मध्ये गावकऱ्यांनी डोंगरावर तीन मोठे आरसे बसवले, प्रत्येकी सतरा चौरस मीटरचा. ते सूर्याबरोबर फिरतात आणि गावच्या चौकात उन्हाचा एक तुकडा पाडतात. यातून एक युनिटही वीज होत नाही. लोक फक्त उन्हात उभे राहतात! आपण मे महिन्यात सावली शोधणारे, आपल्याला हे वेडच वाटेल. पण त्यांना हवं होतं ते ऊनच.

आपल्याकडची उदाहरणं तर अगदी पोटापाण्याची आहेत. ऑस्ट्रियाच्या वोल्फगांग शेफलर यांनी १९८६ मध्ये केनियात पहिली अशी तबकडी उभी केली, जी सूर्यामागे फिरते, पण तिचा फोकस जागच्या जागी राहतो. फायदा काय? स्वयंपाक करणाऱ्याला उन्हात उभं राहावं लागत नाही, तो आत सावलीत काम करतो. शिर्डीच्या साई संस्थानाच्या प्रसादालयावर २००९ मध्ये अशा त्र्याहत्तर तबकड्या बसल्या आणि त्यांच्या वाफेवर हजारो भाविकांचं जेवण शिजू लागलं. त्याआधी २००६ मध्ये लातूरच्या दूध डेअरीत ‘अरुण’ नावाची एकच प्रचंड तबकडी उभी राहिली, १६० चौरस मीटरची. मुंबई आयआयटीतले प्रा. शिरीष केदारे यांच्या संशोधनातून ती आली. तिचं काम दूध पाश्चराइझ करण्यासाठी उष्णता देणं. ही दोन्ही कामं उष्णतेची होती, म्हणून सरळ उष्णताच घेतली.

इथे थोडं गणित सांगते (घाबरू नका, एम-थ्री नाही!). भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण १००० वॉट ऊन पडतं. चांगलं पॅनेल त्यातले २०० वॉटच्या आसपास वीज देतं. पाणी तापवणारा सोलर हीटर त्याच उन्हातला निम्मा किंवा जास्त भाग पाण्यात उतरवतो. म्हणजे आंघोळीच्या पाण्यासाठी आधी वीज बनवा आणि मग ती रॉडमध्ये घाला, हा निव्वळ द्राविडी प्राणायाम.

याचा अर्थ पॅनेल वाईट, असं माझं म्हणणं अजिबात नाही. मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यातल्या बांचा गावात २०१८ मध्ये चौऱ्याहत्तर घरांमध्ये पॅनेल, बॅटरी आणि मुंबई आयआयटीत डिझाइन केलेल्या इंडक्शन शेगड्या पोचल्या. तिथे गरज होती घरातला धूर जाण्याची आणि संध्याकाळीही चूल पेटण्याची, त्यामुळे वीज हेच उत्तर बरोबर होतं. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात चंद्रासनजवळ २०१२ मध्ये नर्मदेच्या कालव्यावरच एक मेगावॉटची पॅनेलं टाकली. शेतजमीन वाचली आणि खालच्या पाण्याचं बाष्पीभवनही कमी झालं. एका पॅनेलने तीन कामं केली! आणि आपल्याच महाराष्ट्रात, मुंबईच्या आयसीटीमधून शिकून बाहेर पडलेल्या मुलांनी भाजी वाळवायचा सोलर ड्रायर बनवला. छत्रपती संभाजीनगर परिसरातल्या बायका तो चालवतात, भाव पडलेला माल वाळवून विकतात. त्यांच्या ‘एस फॉर एस’ कंपनीला २०२३ मध्ये अर्थशॉट पुरस्कार मिळाला. थोडक्यात काय, तर माझ्या आजीची गच्चीच, पण धूळ, माश्या आणि अवकाळी पाऊस वगळून!

या सगळ्यांनी आधी गरज पाहिली आणि मग यंत्र केलं. आपण आधी पॅनेल विकत आणतो आणि मग त्याला गरज चिकटवतो. माझं मत एवढंच आहे. आणि ते मला पटलं ते पुस्तकात वाचून नाही, तर डिसेंबरमध्ये घडलेल्या एका प्रसंगामुळे.

आमच्या लेडीज हॉस्टेलमध्ये सकाळी गरम पाणी नसतं. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक रूममध्ये गादीखाली एक रॉड लपवलेला असतो. (मॅडम, हे आता तुम्हालाही माहीत आहे!) सबमिशनच्या आठवड्यात पहाटे पाच वाजता माझ्या रूममेटने स्विच चालू असतानाच पाणी किती तापलं ते बघायला बादलीत हात घातला. शॉक बसून ती मागे फेकली गेली. नशीब बलवत्तर म्हणून कोपराला लागण्यावर निभावलं. तिचा आवाज ऐकून सगळा मजला जागा झाला. त्यानंतर काय झालं? रॉड जप्त, पाचशे रुपये दंड आणि बोर्डावर नोटीस. पुढच्या आठवड्यात त्याच मजल्यावर नवे रॉड आले. थंडी काही नोटीस वाचत नाही.

गंमत म्हणजे आमच्या गच्चीवर सोलर हीटर आहे! पाचशे लिटरच्या चार टाक्या, खाली काचेच्या नळ्या. ‘तो बिघडलाय’ एवढंच सगळ्यांना माहीत होतं. पण बघणार कोण? गच्चीला कुलूप, मुलींना वर जायला बंदी, किल्ली ऑफिसात. शेवटी आम्ही तिघींनी रेक्टर मॅडमना रीतसर अर्ज दिला आणि प्लंबर मामांबरोबर वर गेलो.

वर जे दिसलं त्याचं हसावं की रडावं कळेना. चार टाक्यांच्या मिळून फक्त अकरा नळ्या फुटल्या होत्या. या प्रकारच्या हीटरमध्ये नळीतलं पाणी आणि टाकीतलं पाणी एकच असतं, त्यामुळे एक नळी फुटली तरी अख्खी टाकी रिकामी होते. गळती थांबवायला कुणीतरी थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला होता. तात्पुरता! मामा म्हणाले, "चार वर्षं झाली, पोरी. नवीन नळ्या मागितल्या होत्या, मग साहेब बदलले." एक नळी तीन-चारशे रुपयांची. म्हणजे माझ्या रूममेटच्या दंडात एक नळी सहज आली असती.

खोलीवर येऊन हिशोब केला. वीस लिटरची बादली वीस अंशांवरून चाळीसवर न्यायला जेमतेम अर्धं युनिट लागतं. आम्ही एकशे साठ जणी, म्हणजे रोज साधारण पंचाहत्तर युनिट. तेवढंच काम साठ अंशांच्या सोळाशे लिटर पाण्यात होतं, कारण त्यात तेवढंच थंड मिसळता येतं. आणि गच्चीवर दोन हजार लिटरची सोय चार वर्षं कोरडी पडून होती!

मॅडमनी परवानगी दिली, आम्ही मजल्यावर वर्गणी काढली. सर्वांत कमी नुकसान झालेल्या टाकीच्या दोन नळ्या बदलल्या. पाणी मुद्दाम पहाटे भरलं, कारण उन्हात तापलेल्या कोरड्या नळीत थंड पाणी सोडलं तर ती तडकते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या नळाला गरम पाणी आलं. मेसच्या मावशी बादली घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, "पीठ मळायला बरं पडंल." यातलं एकही काम ‘प्रोजेक्ट’ म्हणून कुणी मान्य करणार नाही. पण एक्स्टर्नल सरांच्या प्रश्नाला उत्तर मात्र आहे. हे हवं होतं एकशे साठ जणींना, आणि मावशींनासुद्धा.

म्हणून शेवटी तीन मागण्या. एक, उरलेल्या तीन टाक्यांच्या नऊ नळ्या पुढच्या थंडीआधी बदलाव्यात. दोन, गच्चीची किल्ली प्लंबर मामा आणि दोन विद्यार्थिनी यांच्याकडे आठवड्यातून एकदा द्यावी. नळ्या पुसायच्या, गळती बघायची, वहीत लिहायचं. सुरक्षिततेची काळजी आम्हाला समजते, पण कुलपाआड चार वर्षं पडलेला हीटर आणि गादीखालचा रॉड ही सुरक्षितता नव्हे. आणि तीन, आपल्या डिपार्टमेंटने सोलर प्रोजेक्टचे निदान दहा मार्क वर्षभर राखून ठेवावेत. वर्षाने बघावं, वस्तू वापरात आहे की माळ्यावर. माझ्या स्वतःच्या प्रोजेक्टपासून सुरुवात करायला माझी हरकत नाही.

आकाशातल्या सूर्याला कुणी कुलूप लावलेलं नाही. आपल्या गच्चीचं तेवढं उघडा.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी