मजला चढवणं म्हणजे सुधारणा नव्हे

परवा काकांनी फोनवर विचारलं, "ते तुमचं अजाइल म्हणजे नक्की काय रे?" म्हटलं, काका, काळेवाडीतली कुठलीही गल्ली बघा, कळेल.

गावाकडून कारखान्यात नोकरीला आलेला माणूस अर्धा गुंठा, म्हणजे साडेपाचशे चौरस फुटांच्या आसपास जागा घेतो. आधी पत्र्याची खोली टाकून राहायला येतो. बोनस मिळाला की स्लॅब. मुलाचं लग्न ठरलं की वरचा मजला. गच्चीवर कॉलमच्या सळया उघड्याच, पुढच्या मजल्याची वाट बघत! सगळे पैसे जमेपर्यंत थांबला असता तर जन्म भाड्याच्या खोलीत गेला असता. सॉफ्टवेअरमध्ये यालाच इन्क्रिमेंटल म्हणतात. थोडं बांधा, वापरायला लागा, मग वाढवा.

गंमत बघा, अमेरिकेत १७ जणांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला तो २००१ साली, आणि आपला गुंठेवारी कायदाही २००१ चाच. लोक आधीपासून करत होते त्याला दोन्हीकडे उशिरा नाव मिळालं.

पण मंडळी, याचा जोडशब्द आपण विसरतो. इटरेटिव्ह. म्हणजे केलेलं काम पुन्हा हातात घेऊन सुधारणं. विन्स्टन रॉइस यांना वॉटरफॉल पद्धतीचे जनक म्हणून नावं ठेवतात, पण १९७० च्या लेखात त्यांनीच सांगितलं होतं, नवीन प्रणाली दोनदा बांधा, पहिली शिकण्यासाठी.

गल्लीत काय होतं? मजले चार झाले, जिना तोच. ड्रेनेजची लाइन एका कुटुंबाच्या हिशेबाची. ॲम्ब्युलन्स आत वळत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने गुंठेवारीची मुदत २०२० अखेरपर्यंत वाढली, पण कागद नियमित झाला म्हणून गल्ली रुंद होत नाही.

आमच्याकडेही तेच. दर पंधरा दिवसांनी नवं फीचर, टाळ्या. पायातला डेटाबेस मात्र "नंतर बघू". तो ‘नंतर’ स्प्रिंटच्या यादीत कधीच येत नाही, कारण त्याचा डेमो दाखवता येत नाही.

माझं मत सरळ आहे. दर तिसरा स्प्रिंट फक्त जुनं दुरुस्त करायला ठेवावा. आणि गल्लीत? तिथे एकट्या घरमालकाने दोन फूट मागे सरून भागत नाही, सगळ्यांनी मिळून सरावं लागतं. तेच अवघड आहे, आणि खरं काम तेच आहे.

असो. तुम्हाला काय वाटतं?