कचऱ्याच्या धंद्याचा मालक कोण?

विद्यापीठांत सध्या ‘शाश्वत उद्योजकते’ची चर्चा जोरात आहे. कचऱ्यातून पैसा कसा उभा करावा, हे विद्यार्थी हिरिरीने मांडतात. पण हा कचरा पिढ्यान्‌पिढ्या उचलला कोणी? पुण्यासारख्या शहरात कचरा वेचणाऱ्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. त्यांनी केले तर घाणकाम, पदवीधराने केले तर नवउद्योग! ही जातिव्यवस्थेचीच नवी परिभाषा आहे, असे आम्ही मानतो.

विद्यापीठाला वेगळेही करता येते. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्या या स्त्रियांपर्यंत गेल्या, आणि 1993 मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. 2008 मध्ये कचरावेचकांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला. तिथे कचरावेचक नोकर नाहीत, सभासद आहेत.

चळवळीतील विद्यार्थ्यांनी केवळ नोकरीच्या रांगेत न थांबता उद्योगात जरूर उतरावे. मात्र प्रत्येक प्रकल्पाला विचारावे: नफ्यात आणि निर्णयात राबणाऱ्यांचा वाटा किती? तो करारात लेखी नसेल, तर उद्योग कितीही पर्यावरणपूरक असो, आम्ही त्याला शाश्वत म्हणणार नाही.