दाव्याने तगवलेला चित्रपट

कादंबरीवरचा चित्रपट मुळाशी किती इमान राखतो, हा वाद या अंकात आहेच. आम्हाला मात्र 'मार्तंड वर्मा'ची गोष्ट जास्त भावते. सी. व्ही. रामन पिळ्ळै यांच्या 1891च्या लोकप्रिय मल्याळम कादंबरीवर पी. व्ही. राव यांनी 1933 साली मूकपट काढला (तोही बोलपट आल्यावर!). तो त्रिवेंद्रमला लागताच कादंबरीच्या प्रकाशकांनी हक्कभंगाचा दावा ठोकला. चित्रपट उतरला, निर्माते सुंदर राज यांचे पैसे बुडाले आणि रिळं प्रकाशकांच्या ताब्यात गेली. तिथे ती चक्क टिकली! 1974 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने ती मिळवली. जे. सी. डॅनियल यांच्या 'विगतकुमारन' या मल्याळम मूकपटावर मात्र कुणी दावा लावला नाही. त्याची रिळं कायमची गेली.