ज्ञानाची शिधापत्रिका कोणाला?

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तालुक्याच्या कोणत्याही गावी स्वस्त धान्याच्या दुकानापुढे थोडा वेळ उभे राहिले, तर एक दृश्य सहसा चुकत नाही. आयुष्यभर विटा आणि रेती वाहिलेली एखादी म्हातारी यंत्राच्या काचेवर अंगठा ठेवते आणि यंत्र तो नाकारते. ती अंगठा पदराला पुसते, पुन्हा ठेवते. मग दुसरे बोट, मग डावा हात. रांगेतील कोणी खोबरेल तेल लावायला सांगतो, कोणी लिंबू चोळायला. शेवटी दुकानदार ‘उद्या या’ म्हणतो. पिशवी धरायला बरोबर आलेला नातू परतीच्या वाटेवर विचारतो, ‘यंत्राला तुझा अंगठा ओळखू का येत नाही?’ आजीजवळ उत्तर नसते. दुकानदाराजवळही नसते.

वस्तुतः उत्तर फारसे अवघड नाही. बोटाच्या टोकावर त्वचेच्या बारीक उंचवट्यांच्या रेघा असतात. या रेघा जेथे संपतात अथवा जेथे त्यांना फाटे फुटतात, त्या बिंदूंची मांडणी यंत्र टिपते आणि पूर्वी नोंदविलेल्या मांडणीशी ताडून पाहते. विटा, चुना, सिमेंट यांच्याशी वर्षानुवर्षे झालेल्या घर्षणाने या रेघा झिजतात; वयोमानाने त्वचा कोरडी व सैल होते; ठसा पुसट उमटतो. म्हणजे ज्या हातांनी आयुष्यभर अधिक कष्ट केले, तेच हात यंत्राला कमी ओळखू येतात. या विषयावर जगभरच्या शास्त्रीय नियतकालिकांत विपुल लेखन झालेले आहे. ठसा जुळला नाही एवढ्या कारणावरून कोणाला धान्य नाकारू नये, अशा सूचना केंद्र सरकारने राज्यांना २०१७ मध्ये दिल्या, हेही सरकारी कागदपत्रांत नमूद आहे. एवढे ज्याला ठाऊक आहे, तो मनुष्य ‘उद्या या’ ऐकून मुकाट्याने माघारी वळत नाही.

तेव्हा प्रश्न असा, की त्या मुलाने हे उत्तर शोधायचे कोठे? गावात ग्रंथालय असेल, बहुधा असतेच. महाराष्ट्रात शासनमान्य ग्रंथालयांची संख्या अकरा-बारा हजारांच्या घरात आहे. पण त्यांतल्या बहुसंख्य ठिकाणी काय आढळते? वृत्तपत्रांचा स्टँड, कादंबऱ्यांची दोन-तीन कपाटे, दिवाळी अंकांचा गठ्ठा आणि अलीकडे स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके. मोठ्या गावांतून तर ग्रंथालयाचे रूपांतर हळूहळू अभ्यासिकेत झाले आहे. तेथे वाचक पुस्तक स्वतःचे आणतो आणि ग्रंथालयाकडून फक्त खुर्ची, पंखा व शांतता घेतो. पुण्याच्या सदाशिव पेठेत तर अशी खुर्ची महिन्याच्या भाड्याने देण्याचा एक व्यवसायच उभा राहिला आहे. परीक्षार्थींची निकड खरी आहे, त्यांना हसण्याचे कारण नाही. परंतु ज्याला कोणतीही परीक्षा द्यायची नाही, ज्याला केवळ एक गोष्ट समजून घ्यायची आहे, अशा माणसाची या व्यवस्थेत कोठेच नोंद नाही. आणि समाजात असेच लोक अधिक असतात.

आता दुसरे टोक पाहावे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेला मान्यता दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी तिला सहा हजार कोटी रुपये मंजूर झाले. तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशनसंस्थांची सुमारे तेरा हजार नियतकालिके तिच्यामुळे देशातील ६,३०० हून अधिक सरकारी उच्चशिक्षण संस्था व केंद्राच्या संशोधनसंस्था यांना संगणकावर वाचता यावीत आणि सुमारे एक कोटी ऐंशी लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधकांना तिचा लाभ व्हावा, अशी ती योजना. तिचे स्वागतच केले पाहिजे. एखाद्या आडगावच्या सरकारी महाविद्यालयातील विद्यार्थ्याला, जे पूर्वी मोजक्या श्रीमंत संस्थांतच वाचायला मिळत असे, ते वाचता येणे ही लहान गोष्ट नव्हे.

पण या योजनेची कल्पना मुळात याहून मोठी होती, याचा विसर पडता कामा नये. २०२० च्या अखेरीस विज्ञान-तंत्रज्ञान धोरणाचा जो मसुदा प्रसिद्ध झाला, त्यात केंद्राने प्रकाशकांशी एकदाच बोलणी करून एकच रक्कम द्यावी आणि तिच्या बदल्यात भारतातील सर्व व्यक्तींना हे लेख वाचता यावेत, असे म्हटले होते. मसुद्यातील ‘सर्व व्यक्ती’ चार वर्षांनी योजनेत उतरताना ‘सरकारी संस्थांतील विद्यार्थी व अध्यापक’ झाल्या. नावातले ‘राष्ट्र’ मात्र तसेच राहिले. बारावीनंतर शिक्षण सुटलेला मुलगा, जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक, तहसील कचेरीतील कारकून, तालुक्याचा वार्ताहर, आजारी मुलाच्या औषधाविषयी चार गोष्टी स्वतः समजून घेऊ पाहणारी आई, हे सारे त्या राष्ट्राच्या बाहेर उभे आहेत. त्यांच्यापैकी कोणाला एखादा लेख हवाच असेल, तर प्रकाशक तो विकतो. किंमत बहुधा तीस-चाळीस डॉलर, म्हणजे अडीच-तीन हजार रुपये. शेतमजुराच्या कित्येक दिवसांची मजुरी एका लेखाला!

अर्थशास्त्राच्या प्राथमिक पाठातील एक भेद येथे उपयोगी पडेल. गहू एकाने खाल्ला की दुसऱ्यासाठी तो उरत नाही. म्हणून त्याची वाटणी करावी लागते, शिधापत्रिका लागते. ज्ञानाचे तसे नाही. एकाने लेख वाचल्याने दुसऱ्याचा वाटा घटत नाही, आणि तो एकदा संगणकावर आला की आणखी एका वाचकाचा खर्च जवळजवळ शून्य असतो. ज्या वस्तूची टंचाई निसर्गतः नाही, तिची टंचाई येथे कुंपण घालून निर्माण केलेली आहे. शिवाय हे लेख लिहिणाऱ्यांना प्रकाशक मोबदला देत नाही, ते तपासणाऱ्यांनाही बहुधा देत नाही. संशोधनाचा खर्च अनेकदा सरकारी तिजोरीतूनच झालेला असतो. काही बड्या प्रकाशनसंस्थांचा नफा उलाढालीच्या तिसाहून अधिक टक्के असतो, तो काही उगाच नव्हे. आता हिशेब पाहावा. वर्षाला दोन हजार कोटी रुपये एक कोटी ऐंशी लाख लाभार्थींत वाटले, तर माणशी अकराशे रुपये पडतात. एकशे चाळीस कोटी लोकांत वाटले तर चौदा रुपये. चौदा रुपयांचा हा भार मात्र सगळेच उचलतात. काड्यापेटीपासून मोबाईलच्या रिचार्जपर्यंत ज्या-ज्या वस्तूवर कर आहे, ती विकत घेताना ती म्हातारीही उचलते.

ही तक्रार महाराष्ट्राला नवी नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुल्यांनी हाच हिशेब मांडला होता. सरकारचा महसूल बहुतांशी रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो मूठभर वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा आक्षेप होता. तेव्हापासून महाविद्यालयाचे दार पुष्कळ रुंद झाले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण पैसा सर्वांचा आणि वापर आतल्यांचा, ही रचना नव्या यंत्राबरोबर नव्याने उभी राहत असेल, तर जोतीरावांचा आक्षेपही पुन्हा उभा राहतो.

याच्या उलट एक उदाहरण मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि लवकरच त्यांच्या ध्यानात आले, की शाळा सोडल्यावर वाचायला काही मिळाले नाही तर शिकलेले अक्षर पुसले जाते. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास बोलावले, स्वतःच्या संग्रहातील पुस्तके मध्यवर्ती ग्रंथालयास दिली आणि खेड्यापाड्यांसाठी फिरत्या पेट्या सुरू केल्या. लाकडी पेटीत पुस्तके भरून ती गावी जाई, वाचून झाली की परत येई आणि तिच्या जागी दुसरी जाई. वाहतुकीचा खर्च दरबार सोशी. गावाने स्वतःच्या ग्रंथालयासाठी काही रक्कम उभी केली, की तितकीच भर वरून पडण्याची सोय होती. बडोद्याच्या या व्यवस्थेत पुस्तक माणसाकडे जात असे, आणि त्यासाठी तो कोणत्या वर्गात शिकतो हे विचारले जात नसे.

अर्थात बडोद्याचे गुणगान करताना एक प्रसंग झाकून ठेवता येत नाही. सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये त्या शहरात नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी सराईतूनही त्यांना लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. ग्रंथालय सर्वांना खुले असलेले ते शहर माणसाला छप्पर देत नव्हते. केवळ पुस्तकांनी न्याय प्रस्थापित होतो असे कोणी म्हणू नये. पण त्याच बाबासाहेबांनी पुढे मुंबईत घर बांधले ते आपल्या ग्रंथसंग्रहासाठी जागा ठेवून, हेही विसरू नये.

स्वतंत्र महाराष्ट्राने यातून काय घेतले? १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला, ग्रंथालय संचालनालय उभारले, ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी प्रतवारी करून अनुदान सुरू केले. मद्रास राज्याने मात्र १९४८ च्या कायद्यात, डॉ. रंगनाथन यांच्या प्रेरणेने, ग्रंथालयांसाठी स्वतंत्र उपकराची तरतूद केली होती. आंध्र व कर्नाटक त्याच वाटेने गेले. महाराष्ट्राने उपकर टाळला आणि ग्रंथालये लोकांच्या संस्थांवर व सरकारच्या अनुदानावर सोपविली. यात लोकांचा पुढाकार टिकला हा लाभ झाला. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासून आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून चालत आले, ते अशाच पुढाकारावर. तोटा असा, की सदस्याला वर्गणी व अनामत भरावी लागते आणि अनुदान वाढण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. २०२२ मध्ये त्यात साठ टक्के वाढ झाली खरी, तरी ‘ड’ वर्गातील ग्रंथालयाच्या हाती महिन्याकाठी पडतात ते काही हजारच. त्यातच जागा, वीज, पुस्तके आणि ग्रंथपाल! सहा हजार कोटींच्या वर्गणीचा त्याच्याशी संबंध काय, असे त्याला वाटले तर नवल नाही.

संबंध जोडायला फार खर्च येत नाही, हा मुद्दा आहे. ब्रिटनमध्ये २०१४ साली प्रकाशक व सार्वजनिक ग्रंथालये यांच्या सहकार्याने एक योजना सुरू झाली. कोणीही नागरिक आपल्या गावच्या ग्रंथालयात जाऊन तेथल्या संगणकावर हजारो संशोधनपत्रिका विनामूल्य वाचू शकतो, अशी ती सोय. लेख घरी नेता येत नाही, बसून वाचावा लागतो. म्हणून प्रकाशकाचे उत्पन्न बुडत नाही आणि वाचकाची अडचणही भागते. सहा हजार कोटी मोजणाऱ्या खरेदीदाराला बोलणी करताना एवढे कलम घालून घेता येऊ नये?

यावर दोन आक्षेप हटकून घेतले जातात. पहिला, मोबाईल खिशात असताना ग्रंथालय हवेच कशाला? मोबाईलवर त्या मुलाला उत्तर मिळेलही. एखादी चित्रफीत लिंबाचा उपाय सांगेल, एखादा संदेश यंत्रामागे कारस्थान असल्याचे सांगेल, आणि जो खरा लेख आहे त्यापुढे कुलूप दिसेल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : इंग्रजी संशोधनलेख तालुक्याच्या गावी वाचणार कोण? सगळे वाचणार नाहीत, हे कबूल. पण वाचनालयात येणारा विज्ञानाचा एखादा शिक्षक वाचील आणि वर्गात मराठीत सांगेल. वार्ताहर वाचील आणि छापील. इंग्रजीचा अडसर खरा आहे म्हणून त्याच्यापुढे आणखी एक कुलूप लावण्याचे कारण नाही. मराठीतही जे सार्वजनिक पैशाने झाले, ते खुले केल्यावर लोकांनी वापरलेच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली ज्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, तो मराठी विश्वकोश आज संगणकावर कोणालाही विनामूल्य उघडता येतो. विद्यापीठांचे लाखो प्रबंध ‘शोधगंगा’वर खुले आहेत, तेथे वाचकाला त्याची संस्था कोणी विचारत नाही.

कायदाही अर्ध्या वाटेपर्यंत आलेला आहे. दिल्ली विद्यापीठातील एका छायाप्रतींच्या दुकानाविरुद्ध तीन परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला, तेव्हा अध्यापनासाठी लागणाऱ्या उताऱ्यांच्या प्रती काढणे हा स्वामित्वहक्काचा भंग नव्हे, असा निर्वाळा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. निर्णय विद्यार्थ्यांच्या हिताचा होता. पण कायद्यातील ज्या सवलतीवर तो उभा आहे, ती शिक्षक व विद्यार्थी यांच्यातील अध्यापनापुरती आहे. वर्गाबाहेरचा जिज्ञासू येथेही वर्गाबाहेरच राहतो.

सध्याच्या वर्गणीची मुदत २०२७ च्या अखेरीस संपते. पुढील बोलणी त्याआधीच व्हावी लागतील. प्रत्येक जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ‘अ’ वर्ग ग्रंथालयात एका संगणकावर, कोणत्याही सदस्यत्वाची अट न घालता, ही नियतकालिके वाचण्याची मुभा असावी, ही मागणी त्या बोलण्यांपूर्वी केंद्राच्या शिक्षण मंत्रालयापर्यंत पोचली पाहिजे, आणि ती महाराष्ट्राच्या ग्रंथालय संचालनालयाने करण्यास कोणताही प्रत्यवाय नाही. ग्रंथालय कर्मचाऱ्यांची निवेदने शासनाकडे नेमाने जातात. त्यांत वेतनश्रेणी असते, सेवाशर्ती असतात, अनुदानाची थकबाकी असते, आणि ते सारे न्याय्यच आहे. पुढच्या निवेदनात या एका संगणकासाठी चार ओळींची जागा सहज निघेल.